भगत, प्रतिविष आणि मधला तास: नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र

प्रिय डॉक्टर,

पालघरच्या आदिवासी पट्ट्यात रुजू होते आहेस. पावसाळा लागला की सर्पदंशाचे रुग्ण येतील आणि त्यातले कितीतरी आधी भगताकडे जाऊन आलेले असतील. नातेवाइकांवर रागावू नकोस. मध्यरात्री पाड्यावर हाकेच्या अंतरावर भगत असतो, दवाखाना नसतो. शिवाय त्याच्याकडे गेलेले बरेच जण खरोखर बरे होतात, कारण चावलेला साप अनेकदा बिनविषारी असतो आणि विषारी असला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. जीव जातो तो उरलेल्यांचा, मंत्रात गेलेल्या वेळापायी.

सगळ्यात फसवी मण्यार. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा, घसा दुखतो, मग पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, 'बाहेरचं काहीतरी झालंय.' म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्याला आधी वर बघायला सांग आणि एका दमात कुठवर आकडे मोजता येतात ते ऐक. पापण्या आणि श्वास लुळे पडताहेत का, ते त्यातून कळते.

घोणस, फुरसे यांचे विष रक्तात कळते. २ मिली ताजे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घे, २० मिनिटे हात लावू नकोस, मग एकदाच तिरकी कर. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगले रक्तही गोठत नाही. रक्त पातळच राहिले किंवा पापण्या पडल्या, तर प्रतिविषाच्या १० कुप्या सलाइनमधून तासाभरात. कुपी हलकेच फिरव, जोरात हलवलीस तर फेस होतो. लहान मुलालाही तेवढ्याच. सापाने त्याला कमी विष दिलेले नसते. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर लागेल म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेव. भगताने बांधलेली दोरी एकदम कापू नकोस. प्रतिविष आणि अ‍ॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी आली की मग सैल कर.

अंगारा कपाळाला लावू दे, जखमेला नाही. तीर्थ मात्र तोंडात घालू देऊ नकोस. घसा लुळा पडला की ते फुप्फुसात उतरते.

मण्यारीचा रुग्ण व्हेंटिलेटरवर निपचित दिसतो, पण पुष्कळदा शुद्धीत असतो, सगळे ऐकत असतो. नसांच्या टोकांना झालेली इजा प्रतिविषाने भरून येत नाही, त्याला दिवस जातात. त्या दिवसांतल्या भीतीवर आपल्याकडे इंजेक्शन नाही. त्याच्या आईला आत बसव, कानाशी देवाचे नाव घेऊ दे. भगत आला तर त्यालाही येऊ दे. हा उपकार समजू नकोस, उपचारच समज.

आणि मृग लागायच्या आत भगताला त्याच्या घरी जाऊन भेट. मंत्र सोड म्हणू नकोस. एवढेच माग: दंशाचा माणूस आला की आधी १०८ ला फोन, मंत्र गाडीत बसून. दोरी नको, चिरा नको. आणि पाड्यावर त्याच्याच तोंडून सांगायला लाव की खाटेवर झोपा, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. तुझ्यापेक्षा त्याचे लवकर ऐकतील.

कळावे.