युनियनची नोंदणी झाली, तरी कंपनी बोलणीला नकार देऊ शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कारखान्यातल्या १४० कायम कामगारांपैकी नव्वदेक जणांनी युनियन काढली, रीतसर नोंदणी झाली, मागणीपत्रही दिलं. एचआरवाले म्हणतात, ‘तुम्ही नोंदणीकृत आहात, मान्यताप्राप्त नाही. तुमच्याशी बोलायला आम्ही बांधील नाही.’ आणि एवढ्यात कंपनीत दुसरी युनियनही उगवली आहे.

एचआरचं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं, तुम्ही हातावर हात ठेवून बसलात तरच बरोबर ठरेल. मी कामगार प्रतिनिधी म्हणून वेतनकराराच्या बोलण्यांना बसलेलो आहे, त्यामुळे हे उत्तर ओळखीचं वाटलं. जवळजवळ प्रत्येक नव्या युनियनला ते ऐकवलं जातं.

नोंदणी म्हणजे युनियनला कायदेशीर अस्तित्व, मान्यता म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी बोलायचा अधिकार. या दोन गोष्टी वेगळ्या का, याला इतिहास आहे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतल्या संपाच्या वेळी, १९२०-२१ च्या सुमारास, मालकांनी युनियनचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध कोर्टातून मनाई हुकूम आणला. कामगारांना नोकरीचा करार मोडायला लावलं, हा आरोप. त्यातून कामगार नेते ना. म. जोशींनी कायद्याचा आग्रह धरला आणि १९२६ चा कामगार संघटना कायदा आला. त्याने पुढाऱ्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिलं. मालकाने समोर बसून बोललंच पाहिजे, असं मात्र म्हटलं नाही. राज्यघटनेचाही इथे फारसा आधार नाही. संघटना काढायचा हक्क कलम १९ मध्ये आहे, पण सामूहिक सौदाशक्तीची किंवा संपाची हमी त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं. संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटींबाबतचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करारही भारताने स्वीकारलेले नाहीत.

मान्यतेचं गणित आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आस्थापनेत एकच नोंदणीकृत युनियन असेल तर नियमांतल्या निकषांवर तीच वाटाघाटी करणारी. एकाहून जास्त असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिला असेल ती. कुणालाच तो नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बनते. १४० मध्ये ५१ टक्के म्हणजे ७२ जण, म्हणजे आज तुम्ही पुढे आहात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात सलग सहा महिने ३० टक्के सभासद लागायचे आणि अर्ज औद्योगिक न्यायालयात व्हायचा. तुमच्याकडे अर्ज नेमका कुठे, कोणत्या नमुन्यात करायचा, हे कामगार आयुक्तालयात विचारून घ्या.

पण ‘नव्वद जण आमच्याबरोबर आहेत’ हे गेट मीटिंगमध्ये बोलायला ठीक. कागदावर काय आहे? सभासदत्वाचे सही केलेले अर्ज, दर महिन्याची वर्गणी, पावती पुस्तकाची स्थळप्रत, कार्यकारिणीच्या सभांचं इतिवृत्त. जुन्या राज्य कायद्यात वर्गणी किमान ५० पैसे असली तरी चालायची, पण तीन महिन्यांहून जास्त थकवणारा सभासद गणतीतून बाद. भाषणं ठोकणारे पुष्कळ मिळतात. पावत्या नीट फाडणारा खजिनदार मिळाला तर त्याला जपा.

दुसरी युनियन खरोखर कामगारांची असेल तर तिच्याशी बोलून घ्या. मालकानेच उभी केली असेल तर ती अनुचित कामगार प्रथा, म्हणजे कायद्याने मनाई केलेलं वागणं आहे. मान्यताप्राप्त युनियनशी प्रामाणिकपणे बोलणी करायला नकार देणं आणि युनियनमध्ये आहे म्हणून कामावरून काढणं, याही तशाच. मात्र मान्यता मिळाली म्हणून कंपनीने मागण्या मान्य केल्याच पाहिजेत असं नाही. तिने बोललं पाहिजे, एवढंच.

मान्यता चुकीच्या हाती राहिली की काय होतं, ते मुंबईने १९८२ मध्ये पाहिलं. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार आधीपासून मान्यता असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला.

आता टेबलावरचं. कंपनी एक आकडा फेकेल, समजा दरमहा ६,००० वाढ. टाळ्या वाजवण्याआधी दोन गोष्टी विचारा. किती वर्षांत? बहुतेकदा पहिल्या वर्षी निम्मी आणि उरलेली पुढच्या दोन वर्षांत विभागून असते. आणि ती कुठे धरली आहे? त्यातले ३,००० रुपये मूळ पगारात धरले तर वीस वर्षांच्या नोकरीवर नुसत्या ग्रॅच्युइटीत सुमारे ३४,६०० रुपयांचा फरक पडतो (३,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २०). तेच कँटीन, धुलाई, वाहन अशा भत्त्यांत विखुरले तर हातात पैसे तेवढेच दिसतात, निवृत्तीच्या दिवशी मात्र हिशेब पातळ होतो. नव्या कामगार संहितांमधल्या वेतनाच्या व्याख्येत भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्यापलीकडे गेले तर जादाचा भाग वेतनात धरतात, पण त्या मर्यादेच्या आत कंपनीला भरपूर जागा उरते. बदल्यात उत्पादन किती वाढवून मागितलंय, ते कलम तर दोनदा वाचा. ते सहसा मसुद्याच्या शेवटी, थकबाकीच्या कलमाला खेटून असतं, आणि थकबाकीचा आकडा वाचल्यावर पुढे कुणी वाचत नाही.

सह्या शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर करा. समेटात झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, पुढे भरती होणाऱ्यांनाही. बाहेर परस्पर केलेला करार मुळात सही करणाऱ्या पक्षांपुरताच असतो, आणि दुसऱ्या युनियनला ‘आम्हाला मान्य नाही’ म्हणायला वाव राहतो.

संपाचा विषय निघालाच तर १४ दिवसांच्या नोटिशीशिवाय हालचाल करू नका. समेट सुरू असताना तर नाहीच. आणि कुणीतरी नक्की सुचवेल, की संप नको, सगळे एकाच दिवशी किरकोळ रजा टाकू. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली अशी रजा नव्या संहितेत संपच धरली जाते, आणि नोटीस दिलेली नसेल तर बेकायदा संप.