बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपच्या खिडकीत साचणारी काळी धूळ नक्की कसली, मायक्रोस्कोपखाली कसं ओळखायचं?

आधी लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धुळीवरनं फिरवा, नाहीतर चुंबकाला चिकटलेला चुरा निघता निघत नाही बघा. चिकटलं ते बहुतेक लोखंड-पोलाद, उरलं त्यात वाळू, ग्राइंडिंग व्हीलचे कण, पितळ, अ‍ॅल्युमिनियम.

मग ४० ते १०० पट मोठं करून बघा, पण लाईट वरनं, तिरका टाका. शाळेतल्या मायक्रोस्कोपचा लाईट खालनं येतोय, त्यात धातू नुसता काळा डाग दिसतोय आणि माणूस फसतोय. मोबाईलचा टॉर्च बाजूनं धरला तरी काम होतंय.

लेथचा चुरा वळलेला, धारदार कडेचा असतोय, पण बीड (ओतीव लोखंड) असेल तर छोटे तुकडेच पडतात कारण आतलं ग्रॅफाइट त्याला लांब वळू देत नाही. आणि गंमत म्हणजे ग्राइंडरची ठिणगी! ती हवेत वितळून गार होताना गोळी बनते, मोहरीसारखी गोल, काळी चकचकीत, काही तर आतनं पोकळ. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं कुणीतरी मुद्दाम बनवून टाकलीत की काय. गच्चीवर अशा गोळ्या सापडल्या की लोक उल्का म्हणून नाचतात, शेजारी वेल्डिंगचं दुकान असतंय.

पारदर्शक टोकदार कण म्हणजे वाळू किंवा व्हीलचे. पिवळा चकाकणारा आणि चुंबकाला न चिकटणारा दिसला तर पितळ धरा.

फाउंड्रीजवळची (वाळूच्या साच्यात धातू ओततात तिथली) धूळ असेल तर मास्क लावूनच हाताळा, वाळूची बारीक धूळ फुफ्फुसाला वाईट.