फाइल हँडल बॅकएंड इंटरफेसमागे लपवणाऱ्या कोडचा रिव्ह्यू करताना नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सहकाऱ्याने सीमधल्या जुन्या कोडमधले ओपन, रीड, राइट, क्लोज हे सगळे कॉल उचलून 'बॅकएंड' नावाच्या इंटरफेसमागे नेलेत, त्यामुळे फाइल हँडल, म्हणजे उघड्या फाइलची सिस्टीमने दिलेली खूण, आता बाहेर दिसत नाही. खाली तीन इम्प्लिमेंटेशन्स आहेत: लिनक्स, विंडोज आणि टेस्टसाठी मेमरीतलं. कोड देखणा झालाय, टेस्ट हिरव्या आहेत, तरी अप्रूव्ह करायला तुमचा हात धजावत नाही आणि का, ते सांगता येत नाही.

मला सांगता येईल, कारण असाच एक पीआर (कोड बदलण्याची विनंती) मी अप्रूव्ह केला होता.

मी नाशिकला सातपूरच्या एका छोट्या कंपनीत काम करतो. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधलं तापमान दर मिनिटाला नोंदवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. माल शून्य अंशाच्या आसपास ठेवावा लागतो आणि निर्यातीच्या मालाला नोंदींचा कागद लागतो, म्हणून नोंद तुटली की फोन येतो. ऐन हंगामात पिंपळगावकडच्या एका पॅकहाउसमधून फोन यायला लागले: संध्याकाळी चारला मशीन चालू केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला नोंदी थांबतात. त्यांचं म्हणणं, सकाळी लाइट जाते त्याचा हा परिणाम. आम्हालाही ते पटलं. मग एकदा रात्री अकराला रिस्टार्ट केलं, तर नोंदी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला थांबल्या. म्हणजे घड्याळातली वेळ महत्त्वाची नव्हती, मधले सतरा तास महत्त्वाचे होते.

सतरा तास म्हणजे १०२० मिनिटं. लिनक्सवर हँडल म्हणजे एक नंबर, त्याला डिस्क्रिप्टर म्हणतात, आणि एका प्रोसेसला उघड्या डिस्क्रिप्टरची मर्यादा सहसा १०२४ असते. इथे माझ्या पोटात गोळा आला. उघड्या फाइलींची यादी देणारी एलएसओएफ ही कमांड चालवून पाहिली, तर एकाच फाइलचं नाव ओळीने शेकडो वेळा. एका खोलीच्या सेन्सरची वायर ढिली होती, त्याच्या फाइलचं हेडर (सुरुवातीची माहिती) बिघडलेलं होतं. आमचं फंक्शन ती फाइल उघडायचं, हेडर तपासायचं, चुकीचं दिसलं की एरर देऊन परत फिरायचं. क्लोज न करता. दर मिनिटाला एक हँडल गळत होतं.

ही चूक जुन्या कोडमध्ये कुणाच्याही नजरेतून सुटली नसती. तिथे ओपन आणि क्लोज एकाच स्क्रीनवर होते. नवीन कोडमध्ये ओपन बॅकएंडच्या आत गेलं, क्लोज तिसऱ्याच फाइलमध्ये गेलं, आणि पीआरच्या डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींत, मधला भाग तेवढा दिसत होता. हँडलचा नंबर लपवायला काहीच हरकत नाही, तो लपवायलाच हवा. पण त्याबरोबर हँडल कुणाचं आणि बंद कुणी करायचं हेही झाकलं गेलं, तर घोडं तिथेच पेंड खातं. म्हणून माझा पहिला प्रश्न तोच असतो. इंटरफेसच्या प्रत्येक फंक्शनवर बोट ठेवून विचारा: हे परत आलं तेव्हा हँडलचा मालक कोण? एरर देऊन परत आलं तर कोण? अर्धवट उघडून फसलं तर कोण? उत्तर इंटरफेसच्या .h फाइलमधल्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं असावं. सहकाऱ्याच्या डोक्यात आहे, एवढ्यावर भागत नाही.

दुसरी गोष्ट, 'हँडल नाही' हे कसं कळवलंय ते बघा. युनिक्सच्या जातीत ० हा रीतसर डिस्क्रिप्टर आहे, अपयश म्हणजे उणे एक. विंडोजवर क्रिएटफाइल फसलं तर उणे एकच्या बरोबरीची किंमत येते, पण हँडल देणारी इतर कित्येक फंक्शन्स नल, म्हणजे शून्य, देतात. 'शून्य म्हणजे बंद' असं गृहीत धरलेली एक ओळ कुठेतरी असतेच, ती शोधा. एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणारे तर २०१३पासून डेटाबेसच्या फाइलसाठी ०, १, २ हे स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एररचे नंबर वापरतच नाहीत. स्टँडर्ड एरर बंद असताना डेटाबेसला २ नंबर मिळाला, की कुठलाही एरर मेसेज थेट डेटाबेसमध्ये लिहिला जातो, म्हणून.

आता हिरव्या टेस्टकडे. मेमरीतलं बॅकएंड कधी फसत नाही. ते मागितलेले सगळे बाइट देतं, डिस्क भरत नाही, ओपन नाकारत नाही. खरं रीड मागितल्यापेक्षा कमी बाइट देऊ शकतं, डिस्क भरत आली की राइट अर्धवट लिहून तेवढाच आकडा परत देतं. हे वर कसं पोचतं? सगळं 'खरं-खोटं' अशा एकाच उत्तरात कोंबलं असेल, तर वरच्या कोडला डिस्क भरली, केबल निघाली आणि डिस्क्रिप्टर संपले यांतला फरक कळणार नाही. आमच्याकडे तेच झालं. लॉगमध्ये फक्त 'फाइल उघडता आली नाही' एवढंच होतं, खरं कारण बॅकएंडने गिळलं होतं. त्या चार शब्दांपायी आठवडा गेला.

म्हणून चौथं बॅकएंड मागा. मी त्याला 'मोडकं बॅकएंड' म्हणतो. त्याला एक आकडा द्यायचा, त्या क्रमांकाचा कॉल आला की ते एरर देतं. टेस्ट लूपमध्ये चालवायची: आधी पहिला कॉल फसवा, मग दुसरा, मग तिसरा, एकही कॉल फसला नाही अशी फेरी येईपर्यंत. प्रत्येक फेरीच्या शेवटी उघड्या हँडलांची मोजणी शून्य आली पाहिजे. एसक्यूलाइटची आयओ (वाचण्या-लिहिण्याच्या) एररची चाचणी याच पद्धतीने चालते. इंटरफेस बनवण्याचं सगळ्यात मोठं फळ मला हेच वाटतं, विंडोज सपोर्टपेक्षाही. आम्ही ते दोन दिवसांत लिहिलं आणि त्यात आणखी तीन गळत्या सापडल्या.

क्लोजकडे वेगळं लक्ष द्या, कारण तिथे लोक परत आलेली किंमत बघतच नाहीत. नेटवर्कवरच्या फाइलसिस्टीममध्ये लिहिण्याची चूक कधी कधी क्लोजलाच कळते. बॅकएंडचं क्लोज 'व्हॉइड', म्हणजे काहीच परत न देणारं, असेल तर ती बातमी तिथेच मेली. उलट बाजूने, इंटरप्ट (मध्येच सिग्नल) आला म्हणून क्लोज पुन्हा करणारा लूप दिसला तर तो काढायला लावा. लिनक्सवर डिस्क्रिप्टर पहिल्याच वेळी सुटलेला असतो. ओपन नेहमी मोकळा असलेला सगळ्यात लहान नंबर देतं, त्यामुळे तेवढ्यात तोच नंबर दुसऱ्या थ्रेडला मिळालेला असू शकतो, आणि तुम्ही त्याची फाइल बंद करता. लिहिलेलं डिस्कवर पक्कं करणाऱ्या एफसिंक या कॉलचंही तसंच: एकदा फसल्यावर पुन्हा बोलावलं आणि यश आलं, म्हणजे डेटा डिस्कवर पोचला असं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना हे २०१८मध्ये उमगलं आणि त्यांनी एफसिंक फसलं की सर्व्हर थांबवून बदलांच्या लॉगवरून रिकव्हरी करायची असं ठरवलं.

लॉक वापरत असाल तर आणखी एक. पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टीम्सच्या मानकाच्या) जुन्या लॉकचा नियम विचित्र आहे: प्रोसेसने त्या फाइलचा कुठलाही एक डिस्क्रिप्टर बंद केला, की त्या प्रोसेसचे त्या फाइलवरचे सगळे लॉक सुटतात. हँडल लपलेलं असल्यामुळे प्रोग्रॅमचे दोन भाग एकच फाइल उघडून बसतात आणि एकमेकांना पत्ता नसतो. बॅकएंडने एका फाइलची नोंद एकाच ठिकाणी ठेवली आहे का, ते बघा.

इंटरफेसमध्ये 'मूळ हँडल द्या' असं फंक्शन आहे का तेही शोधा. असेल तर ते कोण बोलावतंय याची यादी काढा. दोन-तीन ठिकाणी असेल तर चालेल, कारण नोंदवा. वीस ठिकाणी असेल तर हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं, इंटरफेस अजून पुरेसा झालेला नाही.

नावं, फोल्डरची रचना, मॅक्रो वगैरेंवर माझं काही म्हणणं नाही, ते नंतर बदलता येतं.

सहकाऱ्याला हे सगळं एका दमात पाठवू नका. पीआरवर पंचवीस कॉमेंट पडल्या की माणूस बचावाला उभा राहतो. शेजारी बसा, एक फंक्शन उघडा, आणि 'इथे हेडर चुकीचं निघालं तर पुढे काय होतं?' एवढं त्यालाच वाचून दाखवायला सांगा. मोडकं बॅकएंड दोघांनी मिळून लिहा. त्याची मोजणी शून्यावर आली की बिनधास्त अप्रूव्ह करा. पहिली फेरी चालवल्यावर किती हँडल उघडी राहिली, तो आकडा इथे खाली लिहिलात तर पुढचं बघू.