श्टुटगार्टच्या रिकाम्या घरात बस्तान बसवताना

ताई, तुमच्या मिस्टरांना जर्मनीतल्या श्टुटगार्टला नोकरी लागली, भाड्याचं घरही मिळालं, पण ते पार रिकामं. आता चार वर्षांच्या लेकीला घेऊन तुम्ही परभणीहून निघणार, तर बॅगेत काय भरावं आणि गेल्यागेल्या काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी लातूरचा, बरीच वर्षं याच भागात राहतो. माझं मत विचाराल तर सामानाची चिंता जरा मागं ठेवा. इथं बस्तान बसतं ते आधी कागदावर आणि शेजारपाजारात. भांडीकुंडी काय, मागाहून होतात.

घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. तुमची आणि लेकीचीही. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो आणि अपॉइंटमेंट, दोन्ही मिस्टरांना आत्तापासून बघायला सांगा. टपालपेटीवर आडनाव लावलंय ना, तेही विचारा. इथं सगळं पोस्टानं येतं, अगदी कराचा नंबरसुद्धा, आणि पेटीवर नाव नसलं की पत्र परत जातं. पुढं रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, घरटी महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ती भरावी लागते, तेव्हा फसवणूक समजून ते पत्र फेकू नका.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानंच दिलाय. किल्ल्या घेताना भिंतीवरचे ओरखडे, मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या हे सगळं लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा.

रिकामं म्हणजे खरंच रिकामं असतं, दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबतात. स्वयंपाकघरात ओटाही नसेल, तर आधीच्या भाडेकरूकडून किंवा जुन्या वस्तूंच्या साइटवरून घ्या. नवं बसवून मिळायला बऱ्याचदा आठवडे लागतात. शेगडी बहुतेक काचेची असते. तिच्यावर जाड लोखंडी तवा चालतो, पण बूड सपाट हवं आणि तवा सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. चरा पडला की डिपॉझिटमधून पैसे कापतात. भाकरी विस्तवावर टाकता येत नाही. पाणी लावलेली बाजू सुकली की उलटा, खालची बाजू नीट भाजू द्या, मग पुन्हा उलटून कोरड्या फडक्यानं कडेकडेनं दाबत फिरवा. चांगली फुगते.

एक गोष्ट मराठवाड्यातून आलेल्या माणसाला लवकर पटत नाही, ती म्हणजे ओल. आपल्याकडं उन्हाळ्यात धुणं बघता बघता वाळतं. इथं हिवाळ्यात आतली वाफ बाहेर जातच नाही आणि खिडकीच्या कोपऱ्यात, कपाटामागं काळी बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं वारं खेळवा, स्वयंपाकानंतर तर नक्कीच. नुसती तिरकी करून दिवसभर ठेवली तर भिंत गार पडते आणि हीटरचं बिल वाढतं. न्हाणीत फरशीला बहुधा मोरी नसते, म्हणून शॉवरच्या बाहेर पाणी सांडू नका, ते खालच्या घरात उतरतं.

आता शेजार. श्टुटगार्टकडं अजून बऱ्याच इमारतींत केअरवोखंची पद्धत आहे. जिना, दारापुढची जागा, हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फ, हे सगळं भाडेकरू आळीपाळीनं साफ करतात. तुमची पाळी आली की दाराला पाटी अडकवलेली दिसेल. हे मनापासून करा. आपल्याकडं सकाळी अंगणात सडा घालताना शेजारणीशी जसं बोलणं होतं, तसंच इथं जिना पुसताना होतं. माझ्या वरच्या मजल्यावरच्या आजींची ओळख अशीच झाली. कचऱ्याचे वेगवेगळे डबे त्यांनीच हाताला धरून शिकवले. रात्री १० नंतर मिक्सर लावू नका, आणि रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळं दूध-भाजी शनिवारीच आणा.

बॅगेत काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, पोळपाट-लाटणं आणा. तूप, खवा, पेढे आणू नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं.

लेकीचं लसीकरणाचं कार्ड मात्र हातातल्या पर्समध्ये ठेवा. २०२० पासून बालवाडीत गोवरची लस झाल्याचा पुरावा मागतात, त्याशिवाय घेत नाहीत. बालवाडीच्या जागेसाठी अर्ज आत्ताच, परभणीत असतानाच करा, कारण वाट पाहावी लागते. घर शहराच्या कोणत्या भागात आहे ते कळवलंत तर अर्ज कुठं करायचा तेही सांगतो.