'लीव्ह इट टू बीव्हर' या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेतला छोटा बीव्हर सूपच्या कपात अडकतो तो एपिसोड कुठला, आणि तो एवढा वर चढतोच कशाला?

एपिसोडचं नाव 'इन द सूप', 'लीव्ह इट टू बीव्हर'चा चौथा सीझन, 1961, आणि तो चढतो कारण जाहिरातीच्या बोर्डावरच्या त्या भल्यामोठ्या कपातून वाफ येत असते आणि त्याचा मित्र व्हाइटी म्हणतो आत खरं सूप आहे. बस, पैजेवर पोरगं वर, आत पडतं, मग बाहेर येता येईना, खाली ही गर्दी, शेवटी फायर ब्रिगेड येऊन काढते. मी अख्खी मालिका पाहिलीय, मित्राच्या बोलण्यात येऊन फसणं इतकं खरं फार कमी ठिकाणी दिसतं. फक्त टॉयलेटच्या टाकीत मगरीचं पिल्लू ठेवतात तो एपिसोड हा नव्हे, तो 1957 चा 'कॅप्टन जॅक'.