'केन' म्हणजे नुसतं जाणणं नाही!

प्रश्न : मुलगी एडिनबराला शिकतेय, हल्ली फोनवर सारखं 'आय डिना केन' म्हणते, म्हणजे 'मला माहीत नाही'. या केनचा जुना अर्थ पण हाच का हो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : हाच, पण एवढाच नाही. १७०० च्या आधीच्या स्कॉट्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या इंग्रजीसारख्या भाषेत, केन म्हणजे ओळखणं, शिवाय दुसऱ्याला कळवणं, शिकवणं, वाट दाखवणं पण, कारण मुळात हे क्रियापद 'जाणवून देणं' असंच होतं, 'जाणणं' नंतर वरचढ झालं. मला सगळ्यात भारी वाटतो तो कोर्टातला अर्थ. नवरा गेला की बायकोला त्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळायचा, त्याला टर्स म्हणायचे, आणि शेरीफ, म्हणजे तिथला स्थानिक न्यायाधीश, तो हिस्सा मोजून तिला दाखवून द्यायचा ते 'केन' करणं. मोजणी उन्हाच्या बाजूने सुरू करायची की सावलीच्या, याच्या चक्क चिठ्ठ्या टाकायचे! टर्स १९६४ च्या वारसा कायद्याने गेला.

आणि हो, लेकीला सांगा, केन आपल्या 'जाणणे'चा लांबचा भाऊच, संस्कृत 'ज्ञा' आणि तो एकाच मुळातले.