गाडीच्या वहीत किती चाव्या?

प्रश्न : माझ्या जुन्या हॅचबॅकची डुप्लिकेट चावी बाजारातल्या चावीवाल्याकडून करून घेतली. दार उघडतं, स्टार्टरही फिरतो, पण इंजिन लागून लगेच बंद पडतं. चावीवाला म्हणतो, गाडीतच फॉल्ट आहे. खरं काय? (सांगली)

गाडी ठणठणीत आहे. चावीवाल्याने पातं बरोबर कापलं, पण चिपचं काम केलं नाही. मूळ चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात नखाएवढी काळी वडी किंवा बारीक काचेची नळी असते, तीच ही चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक कॉइल असते. चावी फिरवली की कॉइलमधून १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांच्याच जोरावर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. सोसायटीच्या वॉचमनकडे नावांची वही असते ना, तशी गाडीच्या इमोबिलायझरकडे, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेकडे, चाव्यांची नोंद असते. नोंदीत नाव नसलं की इंजिनचं पेट्रोल किंवा स्पार्क बंद. त्या वेळी डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतं, ते पाहा. मारुतीच्या गाड्यांच्या काचेवर ‘आयकॅट्स’ असा स्टिकर दिसतो, तो याच यंत्रणेचा.

तेव्हा आता हवी ती योग्य चिप आणि तिचं कोडिंग, म्हणजे गाडीच्या नोंदीत तिचं नाव चढवणं. मूळ चावी सोबत न्या.

ही भानगड काढूनच टाकता येईल का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. अजिबात काढू नका. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे, अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथल्या अनेक ह्युंदाई आणि किया गाड्यांत तो नव्हता, आणि यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवून पोरांनी त्या पळवल्या. शेवटी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर द्यायची वेळ कंपन्यांवर आली.

प्रश्न : दोनपैकी एक चावी प्रवासात हरवली. दुसरी कपाटात होती, सध्या तिच्यावरच भागतंय. नवीन करायची घाई आहे का? शोरूममध्ये करावी की बाहेर? (पुणे)

घाई आहे. एक चालू चावी हातात असताना दुसरी करणं सोपं असतं. तीही गेली की आमच्या भाषेत ‘ऑल कीज लॉस्ट’. मग इमोबिलायझरचा पिन, म्हणजे गुप्त क्रमांक, मिळवा, काही गाड्यांत युनिटच काढून बाकावर घ्या, आणि त्याआधी गाडी टोइंगवर चढवून आणा. खर्च कितीतरी पटींनी वाढतो आणि बेसमेंट पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना होणारा मनस्ताप वेगळाच.

नवीन चावी करणं हे निम्मं काम. हरवलेली चावी नोंदीतून खोडणं हे उरलेलं निम्मं, आणि ते बहुतेक लोक करून घेत नाहीत. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीची तपासणी करायच्या जोडणीला, मशीन लावलं की बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवर नोंदलेल्या चाव्यांचा आकडा दिसतो. तो तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. पुष्कळ मॉडेल्समध्ये एकच चावी खोडता येत नाही; सगळ्या पुसायच्या आणि समोर असतील तेवढ्या पुन्हा शिकवायच्या. म्हणून जाताना घरातली प्रत्येक चावी न्या. एखादी वडिलांकडे राहिली तर तीही बाद होईल आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन येईल. गाडीची बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्ज करून घ्या. कोडिंग मध्येच तुटलं तर निस्तरणं कटकटीचं असतं.

खोडल्यावरही हरवलेल्या चावीच्या पात्याने दार उघडतंच, हे ध्यानात असू द्या. चावी पत्ता असलेल्या पाकिटासोबत गेली असेल तर लॉकसेट, म्हणजे गाडीची सगळी कुलपं, बदलायचा विचार करा.

शोरूम की बाहेर? वॉरंटीतली गाडी किंवा स्मार्ट की (खिशात असली तरी गाडी उघडते आणि बटणाने चालू होते ती) असेल तर शोरूम. बाकी गाड्यांचं कोडिंग बाहेरचे जाणकार कारागीर उत्तम करतात, वेळही कमी लागतो. फक्त एक कसोटी लावा : तो आरसी आणि ओळखपत्र मागतो का? कागद न बघता तुम्हाला चावी करून देणारा माणूस तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही करून देईल. नवी गाडी घेताना चावीच्या जुडग्याला नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळाली असेल, तर ती जपा. तो नंबर असला की नवं पातं कापणं सोपं जातं.

प्रश्न : एक चावी हरवून वर्ष झालं, कुठेही कळवलेलं नाही. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा मिळेल का? (मालाड, मुंबई)

चोरीच्या क्लेममध्ये विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक नसली म्हणजे क्लेम लगेच फेटाळला असं नव्हे, पण ‘चावी गाडीतच ठेवली होती का’ हा प्रश्न उभा राहतो आणि प्रकरण लांबतं. मुंबई पोलिसांच्या ऑनलाइन ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये आजच नोंद करा, तिची प्रत जोडून विमा कंपनीला ईमेल करा. नव्या चावीचं आणि जुनी खोडल्याचं बिल फाइलला लावा. तारीख खरी टाका. वर्ष झालं तर वर्ष झालं लिहा. आणि नवी डुप्लिकेट ‘मूळ’ म्हणून पुढे करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चाव्या तपासणीला जातात, आणि खोटं पकडलं गेलं तर खरा क्लेमही जातो.

नूतनीकरणाच्या वेळी की रिप्लेसमेंट कव्हर बघा. त्यात फक्त चावी आहे की लॉकसेटही, एवढं वाचलंत तरी पुरे.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या दोन स्मार्ट कीवाल्या गाड्या रात्रीत गेल्या. चाव्या घरातच होत्या, काचही फुटली नव्हती. हे कसं होतं? (बर्मिंगहॅम)

वर्णनावरून हा रिले हल्ला वाटतो. गाडी जवळच्या चावीला हाक मारते, चावी उत्तर देते. दोघं चोर येतात. एक जण अँटेना घेऊन तुमच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक ते घरापर्यंत वाढवून नेतात. चावी शेजारीच आहे असं गाडीला वाटतं. कोड फोडावाच लागत नाही. झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर हे करून दाखवलं, दहाही फसल्या.

चावी दारापासून लांब, सिग्नल अडवणाऱ्या पाउचमध्ये ठेवा. पाउच खरा आहे का हे कळायला चावी आत टाकून गाडीजवळ जा आणि हँडल ओढा. उघडली तर पाउच कचऱ्यात. काही पाउच वापरून फाटले की निकामी होतात, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासा. नव्या चाव्यांत हालचाल थांबली की झोपी जाणारा सेन्सर असतो, तुमच्या चावीत आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. शिवाय स्टीअरिंगला जाडजूड लोखंडी कुलूप लावा. दिसायला गावठी, पण रेडिओने उघडत नाही.

प्रश्न : स्मार्ट कीचा सेल मधेच संपला तर? (कोल्हापूर)

चावीच्या पोटात लपवलेलं पातं असतं, त्याने दार उघडा. मग चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा; बऱ्याच गाड्या तिथे बिनसेलाची चिप वाचतात. काहींत ही जागा कप होल्डरमध्ये असते. सेल बहुधा सीआर २०३२. उघडून नंबर वाचूनच घ्या, २०२५ त्याहून पातळ असतो.

प्रश्न : जुनी गाडी घेतोय. मालक एकच चावी देतोय, ‘दुसरी सापडली की देतो’ म्हणतो. (नाशिक)

पैसे द्यायच्या आधी गाडी कोडिंगवाल्याकडे न्या आणि नोंदीतला आकडा बघा. त्याच बैठकीत दुसरी चावी करून बाकी सगळ्या खोडून घ्या. तो खर्च सौद्यातून वजा करायला सांगा. मालक कुरकुरला तर दुसरी चावी बहुधा घरातच सापडते.